दुखणे गेले का?

डोंगराच्या पायथ्याशी भैरवगड नावाचे एक लहानसे राज्य होते. तिथे एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत, दोन वैद्य राहत. थोरल्याचे नाव धुंडिराज, धाकट्याचे नागनाथ. दोघे एकाच गुरूंचे शिष्य. नागनाथ धुंडिराजाला दादा म्हणे.

धुंडिराजाचा हात तापावर, पोटदुखीवर, जखमांवर आणि अडलेल्या बाळंतपणावर चाले. माणूस फणफणत यायचा आणि आठवड्याभरात शेतावर जायचा. नागनाथाने वेगळी वाट धरली होती. ज्यांचे दुखणे जुने आहे, ज्यांना इतरांनी "आता असंच चालायचं" असे सांगून परत पाठवले आहे, असे लोक त्याच्याकडे येत. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे सुजलेले, कुणाला दमा. असली दुखणी मुळापासून जात नाहीत. पण नागनाथाच्या लेपाने आणि शेकाने ती मऊ पडत. न झोपणारा झोपू लागे. अंथरुणातला माणूस अंगणापर्यंत येई.

आता गंमत पाहा. बरा झालेला माणूस वैद्याला विसरतो. ताप उतरला की धुंडिराजाच्या दाराशी पुन्हा कोण कशाला येईल? त्याचा ओटा दुपारपर्यंत रिकामा होई. नागनाथाचे रोगी मात्र पुन्हा पुन्हा येत. येताना कुणी दुधीभोपळा आणी, कुणी ताज्या शेंगा. लेप वाळेपर्यंत ते ओट्यावर बसून गप्पा मारत. त्यांच्या हसण्याचा आवाज गल्ली ओलांडून समोरच्या घरात जाई.

धुंडिराज काढा उकळत बसलेला असे. ते हसणे ऐकले की त्याच्या छातीत काहीतरी पेटे.

"आज त्याच्याकडे कोण आलं होतं?" जेवताना तो बायकोला विचारी.

"मी कशाला बघत बसू?" सगुणा म्हणे. "भाकरी गार होतेय. जेवा ना."

एके दिवशी चिमा कुंभारीण नवा कोरा माठ डोक्यावर घेऊन गल्लीत आली. धुंडिराजाला वाटले, आपल्याकडेच येतेय. मागच्या उन्हाळ्यात त्याने तिचे तान्हे मूल तापातून वाचवले होते. तो उठून दारात आला. पण चिमा त्याला हसून रामराम घालून समोरच्या ओट्यावर गेली आणि माठ नागनाथापुढे ठेवून म्हणाली, "वैद्यबुवा, तुमच्या लेपानं चाकावर बसता आलं. त्यानंतरचं हे पहिलं भांडं. तुमच्यासाठी."

धुंडिराज दारातून आत वळला. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. 'लेकरू वाचवलं मी, आणि माठ त्याला,' हेच त्याच्या मनात घोळत राहिले. पुढे पुढे तर नागनाथाचे नाव कानावर पडले तरी त्याला ते सोसवेना. वरून तो गोडच बोले. नागनाथाला काही कळले नाही. सणावारी तो आधी दादाच्या पाया पडायला येई.

त्या वर्षी वैशाखात डोंगराला वणवा लागला. पायथ्याशी राजाची औषधी बाग होती. दोन्ही वैद्यांना मुळ्या, साली, पाला तिथूनच मिळे. वणव्यात निम्म्याहून जास्त बाग जळाली. उरलेल्या झाडांतून एकालाच पुरेल इतके औषध निघणार होते.

राजाने दोघांना बोलावले.

"मला औषधातलं काही कळत नाही," राजा म्हणाला. "ज्याच्या उपचाराने लोकांना जास्त गुण येतो, त्याला बागेतलं औषध द्यावं, असं मला वाटतं. तेव्हा लोकांनाच विचारू. पण विचारायचं कसं? आजारी माणसाला काय विचारावं हे वैद्यालाच ठाऊक. धुंडिराज, तुम्ही थोरले. प्रश्न तुम्ही ठरवा. विचारायला माणसं माझी जातील."

प्रधानाने नागनाथाकडे पाहिले. "तुम्हाला हे मान्य आहे का?"

"दादा ठरवतील तो प्रश्न मला मान्य आहे," नागनाथ म्हणाला. "त्यांनी बोट धरून मला नाडी बघायला शिकवलंय."

धुंडिराज घरी आला आणि विचार करत बसला. खरे तर विचार करण्यासारखे काही नव्हते. कुठल्याही रोग्याला तो रोज काय विचारत असे? "कालच्यापेक्षा आज कसं आहे? किती फरक वाटतो?" हाच विचारायचा प्रश्न होता. ताप गेला असेल तो सांगेल, गेला. कंबर थोडी सैल झाली असेल तो सांगेल, थोडी सैल झाली. सगळ्यांचे खरे उत्तर त्यात मावले असते.

पण त्या प्रश्नाचे उत्तर त्याला डोळ्यांसमोर दिसू लागले. चिमा बोलेल. दम्याचा म्हातारा कोष्टी बोलेल. नागनाथाचे सगळे रोगी भरभरून बोलतील. आणि आपला रोगी? "हो, गेल्या साली कधीतरी ताप आला होता खरा," एवढेच म्हणून तो निघून जाईल.

समोरच्या ओट्यावर कुणीतरी मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी धुंडिराज दरबारात गेला. "महाराज, आपले लोक साधे आहेत," तो म्हणाला. "त्यांना गोंधळात पाडू नये. एकच विचारावं, दुखणं गेलं का? प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका द्यावा. दुखणं गेलं असेल तर पांढऱ्या मडक्यात टाकावा. गेलं नसेल तर काळ्या. माझ्या रोग्यांसाठी दोन मडकी, नागनाथाच्या रोग्यांसाठी दोन."

राजाला हे फार आवडले. "वा! लहान मूलसुद्धा सांगेल, इतकं सोपं केलंत."

देवळाच्या आवारात मडकी मांडली गेली. दवंडी पिटली. वर्षभरात ज्याने ज्याने औषध घेतले होते, तो तो आला.

धुंडिराजाच्या रोग्यांची रांग भराभर पुढे सरकली. "दुखणं गेलं का?" "गेलं की! कधीच गेलं." चिंचोके पांढऱ्या मडक्यात टपटप पडत होते.

नागनाथाची रांग मात्र अडून राहिली. लोक हातात चिंचोका धरून उभेच राहत. दम्याचा म्हातारा कोष्टी शिपायाला म्हणाला, "शिपाईदादा, पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं आहे. रात्री झोप लागते. पण धाप लागायची ती लागतेच. मग कुठं टाकू?"

"मडकी दोनच आहेत, बाबा. गेलं का?"

"तसं पुरतं गेलं नाही..."

"मग काळ्यात."

म्हाताऱ्याने चिंचोका दाढेखाली धरला. अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे टाकावा म्हणून तो फोडू पाहत होता. चिंचोका फुटला नाही. मागचे लोक हसले. शेवटी त्याने तो काळ्या मडक्यात टाकला आणि पुन्हा पुन्हा मागे वळून बघत तो गेला.

चिमा कुंभारीण बराच वेळ दोन्ही मडक्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. "माझी कंबर अजून दुखते," ती स्वतःशीच पुटपुटली. "देवळात उभं राहून खोटं कसं बोलू?" तिचाही चिंचोका काळ्यातच पडला.

धुंडिराज खांबाआड उभा राहून हे सगळे पाहत होता. किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला!

संध्याकाळी मडकी राजापुढे आणली. धुंडिराजाचे पांढरे मडके काठोकाठ भरले होते. नागनाथाचे पांढरे मडके उचलताच हलके लागले. नागनाथाने त्यात हात घातला, तळ चाचपला आणि हात बाहेर काढून घेतला.

राजालाही वाईट वाटले. पण त्याने आपला शब्द पाळला. बागेतले औषध धुंडिराजाला मिळाले.

औषधच नाही तर वैद्याने करायचे काय? नागनाथाने घर आवरले. जाताना तो दादाच्या पाया पडायला आला.

"एका परीनं बरंच झालं, दादा," तो म्हणाला. "मला वाटत होतं, माझ्या हातानं लोकांना बरं वाटतंय. मी त्यांना उगाच आशेला लावत होतो, हे आज कळलं."

धुंडिराजाला तेव्हाच खरे सांगता आले असते. "सांभाळून जा," एवढेच तो म्हणाला.

नागनाथ घाटापलीकडे निघून गेला. समोरच्या घराला कुलूप लागले.

धुंडिराजाला वाटले होते, आता छातीतली आग विझेल. पण झाले उलटेच. जुन्या दुखण्याचे सगळे रोगी त्याच्याकडे येऊ लागले. तो त्यांना तापावरचे कडू काढे देई. त्यांचा काही उपयोग होत नसे. लोक ओट्यावरून उठताना एकमेकांत म्हणत, "नागनाथवैद्य असते तर..." आणि वाक्य अर्धेच सोडत. समोर असलेल्या नागनाथाच्या चुका तरी काढता येत होत्या. नसलेल्या नागनाथाची एकही चूक होत नव्हती. रोज तो लोकांच्या बोलण्यात थोडा थोडा मोठाच होत होता. धुंडिराजाचा मत्सर बागेतल्या औषधावर पोसल्यासारखा वाढला.

थंडीचे दिवस आले. एका सकाळी धुंडिराज स्नान करून आला, तर चूल पेटलेली नव्हती. सगुणा भिंतीला धरून उभी होती. तिला खाली बसता येत नव्हते. बसली असती तर उठता आले नसते.

"हे कधीपासून?" धुंडिराजाने घाबरून विचारले.

"गुडघे ना? तीन-चार वर्षं झाली असतील."

"मग मला कसं दिसलं नाही? परवा-परवापर्यंत तू माळ्यावर चढत होतीस. पापड वाळत घालायला गच्चीवर जात होतीस."

सगुणा म्हणाली, "मी आधी तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वय झालं, आता असंच चालायचं. मग मी नागनाथभावोजींकडे जायला लागले. तुम्ही बाजारात गेलात की मागच्या दारानं. त्यांना सांगून ठेवलं होतं, यांना बोलू नका म्हणून. तुम्हाला त्यांचं नावही सहन होत नव्हतं ना!"

धुंडिराज पाटावर बसला. मग त्याने विचारले, "त्या दिवशी देवळात तूही गेली होतीस?"

"गेले होते. तोंडावरून पदर घेऊन."

"चिंचोका कुठे टाकलास?"

"काळ्या मडक्यात."

"अगं, पण तू तर गच्चीवर चढत होतीस!"

"चढत होते. पण विचारलं होतं, दुखणं गेलं का. ते गेलं नव्हतं. थंडी पडली की ठणकायचंच." सगुणेने भिंतीवरचा हात बदलला. "रुपयात दहा-बारा आणे कमी झालं होतं. तेवढं मला पुरत होतं. कमी किती झालं ते विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही."

चुलीतल्या गार राखेकडे धुंडिराज बघत राहिला.

"एक विचारू?" सगुणा हळूच म्हणाली. "तुम्ही एवढे मोठे वैद्य. किती कमी झालं, हे तुम्ही रोज सगळ्यांना विचारता. मग त्या दिवशी नेमकं ते सोडून 'गेलं का' एवढंच का विचारलंत?"

धुंडिराजाने नजर वळवली. उत्तराची गरजच उरली नव्हती. सगुणेने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले, आणि मग ती उभ्या उभ्याच पीठ मळू लागली. ती ओरडली असती, रडली असती, तर त्याला बरे वाटले असते.

दिवसभर त्याचे मन त्याला पळवाटा दाखवत राहिले. नागनाथाकडे माणूस धाडून गुडघ्याचा लेप तेवढा मागवावा. राजाला सांगावे की पुढच्या वर्षी बाग फुलली की त्याला बोलावू. कुणाला काही कळायचे कारण नव्हते. आणि नागनाथ परत आला तर? पुन्हा ते ओट्यावरचे हसणे, पुन्हा ते माठ, ते दुधीभोपळे. नुसत्या कल्पनेने त्याची छाती जळू लागली. पण त्याच वेळी आतून सगुणेचा भिंतीला धरून चालण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी तो राजापुढे उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले.

"म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?" राजाने विचारले.

"नाही महाराज. खोटा शब्द एकही नव्हता. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. खोटं लोकांनाही बोलावं लागलं नाही. ज्या प्रश्नाला नागनाथाच्या रोग्यांकडून 'नाही' एवढंच उत्तर येणार, तो प्रश्न मी शोधून काढला."

"का?"

धुंडिराजाची मान खाली गेली. "त्याच्या ओट्यावर लोक हसत होते, महाराज. माझ्या नाही."

राजा संतापला. पण थोड्या वेळाने तो म्हणाला, "सोपा प्रश्न म्हणून मीही खूश झालो. सोपा आहे की योग्य आहे, हे मीही पाहिलं नाही. आता पुन्हा विचारा. या वेळी माझे शिपाई नाहीत. तुम्ही स्वतः आवारात बसायचं. आधी लोकांना सांगायचं की पहिल्यांदा तसं का विचारलं होतं. मग विचारायचं."

देवळाच्या आवारात धुंडिराज बसला. त्याने लोकांसमोर आपला अपराध सांगितला. कुणी त्याला रामराम घातला नाही. मग त्याने विचारायला सुरुवात केली. आता तो सगळ्यांना एकाच मापाने विचारू लागला.

"तुझा ताप रुपयात किती आणे गेला?" त्याने एका शेतकऱ्याला विचारले.

शेतकरी चक्रावला. "किती आणे म्हणजे? ताप काय कापड आहे, अर्धा फाडून न्यायला? आला होता, गेला."

मागून एक बाई म्हणाली, "आणि मला काय विचारणार, वैद्यबुवा? मी किती आणे बाळंत झाले?"

आवार हसून हसून दणाणले. धुंडिराजालाही हसू आले. त्याच्या ध्यानात आले की एक चूक सोडून तो दुसरी करत होता. जे एकतर असते किंवा नसते, तिथे दोन मडकी पुरतात. जे कमी-जास्त होते, तिथे पायऱ्या लागतात. मग त्याने तापाच्या आणि बाळंतपणाच्या लोकांना 'गेलं का, सुटका झाली का' एवढेच विचारले, आणि जुन्या दुखण्याच्या लोकांना किती उरले ते विचारले.

"नागनाथाचं औषध चालू होतं तेव्हा धाप किती कमी होती?" त्याने कोष्ट्याला विचारले.

"आता कसं विचारलंत!" म्हातारा सावरून बसला. "चांगली बारा आणे कमी होती. मागावर बसत होतो मी. आता सगळी परत आलीय."

एकाने तर सोळाच्या सोळा आणे म्हणून टाकले. "अरे, मग हातात काठी कशाला?" धुंडिराजाने विचारले. तो माणूस ओशाळला. "नागनाथबुवांचं नाव मोठं व्हावं म्हणून म्हटलं. आठ आणे धरा." धुंडिराजाने आठ आणे धरले.

चिमा आली, तिचा दीर आला, खाटेवर घालून एक म्हातारी आणली गेली. कुणी दहा आणे सांगितले, कुणी नऊ, कुणी चौदा. त्यातले प्रत्येक उत्तर धुंडिराजाला टोचत होते. टोचत होते तरी तो प्रत्येक उत्तर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हणत होता. संध्याकाळी राजा म्हणाला, "आता त्याला आणायलाही तुम्हीच जा."

घाटापलीकडच्या एका गावात नागनाथ पानमळ्यात कामाला होता. तो विड्याच्या पानांचे वेल आधाराला बांधत होता. त्याने नाडी बघणे सोडून दिले होते. कुणी खोकत आले तरी तो म्हणे, दुसरीकडे जा.

धुंडिराज बांधावर उभा राहिला आणि त्याने जे घडले ते सांगितले. काही झाकले नाही, काही मऊ केले नाही. कोष्टी काय म्हणाला, चिमा काय म्हणाली, सगुणा काय म्हणाली, तेही सांगितले.

नागनाथाच्या हातातला दोर गळून पडला.

"दादा, घर गेलं, औषध गेलं, त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "पण इतके महिने मी स्वतःला ढोंगी समजत आलो. परवा शेजारची पोर सांधे धरून रडत होती. मला येत होतं ते, तरी मी हात लावला नाही. माझ्या औषधाने गुण येत नाही, असं मला वाटत होतं. हे तुम्ही केलंत."

"मी केलं."

"आणि आता? माझ्याविषयी जळणं गेलं का तुमचं?"

धुंडिराज 'गेलं' म्हणणार होता. मग त्याने स्वतःलाच नीट विचारून पाहिले.

"गेलं म्हणालो तर खोटं होईल," तो म्हणाला. "तुला मिळालेले आणे मोजतानाही जळत होतो. पण पूर्वी सोळा आणे होतं. आता पाच-सहा असेल. उद्या किती असेल ते ठाऊक नाही."

नागनाथ त्याच्याकडे बघत राहिला. रागाने भरलेल्या त्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हलले. त्याने खाली वाकून दोर उचलला.

"तुमच्याबरोबर मी येणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. ही वेलांची ओळ बांधून झाली की मागून येईन. आणि दादा, वहिनींना म्हणावं, तोवर निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधा."

धुंडिराज एकटाच घाट चढून परत आला. नागनाथ काही दिवसांनी आला. समोरच्या घराचे कुलूप निघाले. राजाने बागेतले औषध दुखण्याच्या जातीप्रमाणे वाटून दिले. तापाचे धुंडिराजाकडे, जुन्या दुखण्याचे नागनाथाकडे. थोडे थोडे दोघांनाही कमी पडले. दोघांनी ते काटकसरीने वापरले.

दोघांचे लगेच पूर्वीसारखे जमले असे नाही. त्या वर्षी सणाला नागनाथ पाया पडायला आला नाही. धुंडिराजाने त्याची वाट पाहिली आणि तो का आला नाही, असे कुणाला विचारले नाही. सगुणा आता पुढच्या दाराने, उजेडात, गल्ली ओलांडून लेप लावायला जाई.

फाल्गुनात एक लोहार धुंडिराजाकडे आला. त्याचा ताप दोन दिवसांत उतरला. उठताना त्याने खांदा चोळला.

"खांद्याला काय झालं?" धुंडिराजाने विचारले.

"जुनंच आहे. घण उचलला की कळ येते. त्याला काय, असंच चालायचं."

समोरच्या ओट्यावर गप्पा रंगल्या होत्या. तो लोहाराला घेऊन दारात आला आणि त्याने गल्लीपलीकडे बोट दाखवले.

"असंच चालायला नको," तो म्हणाला. "तिकडे जा. या कामात नागनाथाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

लोहार गल्ली ओलांडून गेला. धुंडिराज दारात उभा राहून तो ओट्यावर चढेपर्यंत बघत होता.

तात्पर्य एवढेच: जे विचारायचे त्याला साजेसे माप निवडावे, 'आहे की नाही' असे कुठे विचारायचे आणि 'किती' असे कुठे विचारायचे, हे ओळखावे. मत्सराने माप निवडले, तर सगळे खरे बोलूनही उत्तर खोटे निघते.